नळ गोठतो एके ठिकाणी, फुटतो दुसऱ्याच ठिकाणी : चाकांवरच्या घरातील पाण्याचा इतिहास

१/१६
ऑक्टोबर सरू लागला की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात घरोघरी एक वार्षिक काम निघते. उन्हाळाभर रस्त्यावर धावलेली मोटरहोम आणि ट्रेलर, अर्थात तिकडे ज्यांना ‘आरव्ही’ म्हणतात ती चाकांवरची घरे, हिवाळ्यासाठी मिटली जातात. मिटणे म्हणजे मुख्यतः नळांतील पाणी काढून घेणे. या साध्या कामामागे साडेतीनशे वर्षांचे प्रयोग, विषबाधेच्या दोन शोकांतिका आणि ९५ कोटी डॉलरांची एक तडजोड आहे. त्याचीच ही हकिकत. #इतिहास #धागा

२/१६
आरंभ सतराव्या शतकात. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६६७ मध्ये एका तोफेच्या नळीत पाणी भरले, तिची तोंडे घट्ट बंद केली आणि ती कडाक्याच्या थंडीत ठेवली. काही तासांनी नळी मोठा आवाज करून फुटली. दारूच्या स्फोटाला पुरून उरणारे लोखंड गोठत्या पाण्यापुढे टिकले नव्हते.

३/१६
याहून बोलका प्रयोग झाला कॅनडात, क्वेबेक येथे. ब्रिटिश तोफखान्यातील अधिकारी एडवर्ड विल्यम्स याने १७८४-८५ च्या हिवाळ्यात पोकळ लोखंडी तोफगोळे पाण्याने भरले, त्यांच्या छिद्रांत बुचे ठोकली आणि ते उघड्यावर ठेवले. काही गोळ्यांचे बूच उडून दूर जाऊन पडले आणि छिद्रातून बर्फाचा दांडा बाहेर आला. जेथे बूच हलले नाही, तेथे गोळाच फुटला. पाण्याने वाट शोधली ती जेथे प्रतिकार सर्वांत कमी होता तेथे. हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढची सारी कथा त्यावरच चालते.

४/१६
बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र सुमारे ९ टक्के फुगते. बर्फात पाण्याच्या रेणूंची रचना पोकळ जाळीसारखी होते, म्हणून त्याला जागा अधिक लागते. दुसरी गोष्ट स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकात दाखवली : शून्य अंशावर पोहोचलेले पाणीही लगेच बर्फ होत नाही, त्यासाठी त्याला आणखी बरीच उष्णता बाहेर टाकावी लागते. हीच सुप्त उष्णता. म्हणूनच एकाच रात्री मोठी टाकी वाचते आणि तिला जोडलेली बोटभर जाडीची नळी गोठते.

५/१६
आता फिरत्या घरांकडे वळू. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ ही मोटार मांडली. तिची मागची बैठक उलगडून पलंग होई, चालकाच्या आसनामागे घडीचे हात धुण्याचे भांडे होते आणि शौचासाठी एक पात्र. सोय होती, परंतु नळकाम म्हणावे असे जवळपास काहीच नव्हते. जेथे नळ नाही तेथे गोठायचे काय?

६/१६
१९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली. रेडिएटरच्या झाकणावर झाळलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. स्थळ लक्षणीय आहे : ही मंडळी थंडी टाळून उबदार दक्षिणेत येत. पुढे १९३० च्या दशकात ट्रेलरांची लाट आली, तरी बहुतेकांची आंघोळ आणि शौच तळावरच्या सामाईक स्नानगृहातच होत असे. हिवाळ्याची काळजी पाहुण्याला नव्हती. ती तळाच्या मालकाला होती.

७/१६
चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. एअरस्ट्रीम कंपनी आपल्या १९५७ च्या ‘इंटरनॅशनल’ या ट्रेलरला पहिला पूर्णपणे स्वयंपूर्ण ट्रेलर म्हणते : बाहेरच्या कोणत्याही जोडणीविना गरम-गार वाहते पाणी, फ्लशचे शौचालय, दिवे. १९६६ मध्ये विनेबागो कंपनीने मोटरहोम बनवण्यास प्रारंभ केला. आता टाकी, पंप, गीझर, नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था असे एका घराचे सारे नळकाम चाकांवर आले. त्याबरोबर घराचे दुखणेही आले.

८/१६
गंमत अशी, की या उद्योगाची मुख्य केंद्रे थंड प्रदेशात आहेत. विनेबागोचे गाव आयोवातील फॉरेस्ट सिटी. आणि अमेरिकेतील या धंद्याची राजधानी मानले जाणारे एल्कहार्ट इंडियानाच्या उत्तर टोकाला. दोन्हीकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. घराच्या नळांना जमिनीची ऊब आणि जाड भिंतींचा आधार असतो. फिरत्या घराच्या नळ्या मात्र पातळ तक्तपोशीमागून आणि फरशीखालून जातात, आणि त्या फरशीखाली उघडा वारा खेळत असतो.

९/१६
नळ नेमका फुटतो कसा, याचा बारकाईने अभ्यास १९९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात झाला. सर्वसाधारण समज असा, की बर्फ नळाच्या भिंतींना बाहेर रेटतो. प्रयोगांत वेगळेच दिसले. नळीत एके ठिकाणी बर्फाची गुठळी होते; ती वाढत जाते, तसे तिच्या आणि बंद तोटीच्या दरम्यान अडकलेले पाणी दाबले जाते. तो दाब पराकोटीला गेला की नळी फुटते, आणि पुष्कळदा अशा जागी, जेथे बर्फ मुळीच नसतो. क्वेबेकच्या तोफगोळ्यांचेच हे दुसरे रूप. आच्छादन नसलेल्या नळ्यांसाठी बाहेरचे सुमारे उणे ७ अंश सेल्सिअस हे तापमान धोक्याची पायरी ठरले.

१०/१६
म्हणून उपायाचे सार एकच : अडकलेले पाणी ठेवू नये. प्रथम टाक्या रिकाम्या करायच्या. गीझर बंद करून, थंड होऊ देऊन आणि दाब सोडूनच त्याचे बूच काढायचे. घाई केल्यास भाजण्याचे भय. मग तळाच्या निचऱ्याच्या तोट्या आणि सर्व नळ उघडायचे. उरलेले पाणी हवेच्या कॉम्प्रेसरने, दाब साधारण ३० ते ४० पीएसआयच्या आत राखून, एकेक नळ उघडत बाहेर फुंकायचे. दाब वाढवला तर जे बर्फाने व्हायचे तेच हवेने होते.

११/१६
घात होतो तो विसरलेल्या जागी. बाहेरच्या बाजूचा शॉवर, शॉवरची लोंबती नळी, शौचालयाचा व्हॉल्व्ह, पंपाची गाळणी, बर्फ बनवणाऱ्या यंत्राची बारीक नळी. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्हही आपल्यामागे थोडे पाणी धरून ठेवतात. मोरीखालच्या वाकड्या नळीत तर दुर्गंध अडवण्यासाठी पाणी मुद्दामच राखलेले असते. हवेने हे सारे निघत नाही. तेथे दुसरा उपाय लागतो : न गोठणारा द्रव. आणि कथा येथे गंभीर होते.

१२/१६
एथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ही दोन्ही रसायने फ्रेंच रसायनज्ञ शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ याने १८५० च्या दशकात तयार केली. यांचे रेणू पाण्यात मिसळले की बर्फाची जाळी सहज जुळत नाही. एथिलीन ग्लायकॉल १९२७ पासून ‘प्रेस्टोन’ या नावाने मोटारींच्या रेडिएटरमध्ये जाऊ लागले. ते गुणकारी, चवीला गोडसर, आणि विषारी. पोटात गेल्यास ते मूत्रपिंडे निकामी करते.

१३/१६
याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉलने १९३७ मध्ये अमेरिकेत हाहाकार माजवला. सल्फानिलामाइड हे औषध त्यात विरघळवून विकले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. परिणामी १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आला. हे केवळ परदेशातील दुःख नव्हे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली.

१४/१६
पिण्याच्या नळांत म्हणूनच प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. अमेरिकेत ते खाद्यपदार्थांतही मान्य आहे. आरव्हीसाठीचा हा द्रव सहसा गुलाबी असतो, परंतु रंग हा पुरावा नव्हे, लेबल वाचलेच पाहिजे. गीझरला वळसा देऊन तो पंपाने प्रत्येक तोटीतून गुलाबी दिसेपर्यंत खेळवतात आणि मोरीतही ओततात. बाटलीवरचे ‘उणे ५० फॅरनहाइट’ हे आकडे गोठणबिंदूचे नसून नळी न फुटण्याच्या हमीचे असतात. त्याच्या बऱ्याच आधी द्रव भुसभुशीत होतो. पण घट्ट गुठळी न झाल्याने पाणी कोंडले जात नाही. नळीत आधीचे पाणी राहिले तर मात्र द्रव पातळ होतो आणि ही हमी उरत नाही.

१५/१६
नळ्यांचाही इतिहास आहे. जुन्या ट्रेलरांत तांबे असे; ते फुटले की कापून डाख द्यावा लागे, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचा डाख देण्यास १९८६ मध्ये अमेरिकेत बंदी आली. १९७० च्या दशकाअखेरीस स्वस्त, लवचीक आणि गोठणे सोसणारी पॉलिब्युटिलीनची नळी आली. ती घरांत आणि फिरत्या घरांत सर्वत्र गेली. पण शहरांच्या पाण्यातील क्लोरीनने ती नळी व तिचे सांधे आतून ठिसूळ केले. थंडीला तोंड देणारी नळी साध्या पिण्याच्या पाण्याने हरली. १९९५ मध्ये टेनेसीतील न्यायालयात शेल आणि इतर उत्पादकांशी ९५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. आज तिची जागा पेक्स या, जर्मन संशोधक थॉमस एंगेल याच्या १९६० च्या दशकातील कामातून पुढे आलेल्या प्लास्टिकने घेतली आहे. पेक्स ताणले जाते. त्याचे सांधे आणि तोट्या मात्र ताणल्या जात नाहीत. क्वेबेकचे बूच आता तेथे आहे.

१६/१६
वसंतात हिशेब होतो. नळांत स्वच्छ पाणी खेळवून द्रव धुऊन काढतात, पंप लावून सारे नळ बंद करतात आणि कान देतात. कोणी नळ उघडला नसताना पंप मधूनच सुरू झाला, तर कोठेतरी गळती आहे. मग तेवढा तडकलेला तुकडा कापून नवा सांधा बसवतात. गोठलेल्या जागेजवळच शोधणारा माणूस मात्र पुष्कळदा फरशी उगाच उखडतो. शोध गुठळी आणि तोटी यांच्या मधल्या भागात घ्यावा लागतो.

लडाख, स्पिती किंवा अन्य थंड प्रदेशांत हिवाळ्यात नळ कसे राखतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी खाली अवश्य लिहावे. धागा समाप्त.