निकालाआधीचं कुलूप

ऑक्टोबर २०१९. ऐन दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली शटरं खाली आली. महिन्याला हप्ता भरणारे लोक पावत्या घेऊन पोलीस ठाण्यात उभे राहिले. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, सोबत एमपीआयडी कायदा लागला. असं काही घडलं की मला पहिला प्रश्न हाच येतो, "दादा, मालमत्ता जप्त झाली, म्हणजे पैसे मिळणार ना?"

नाही हो. जप्ती म्हणजे वसुली नव्हे. ते निकालाआधीचं कुलूप आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३८, नियम ५ आहे. दावा चालू असताना प्रतिवादी हुकूमनाम्याला चकवायला मालमत्ता विकतोय किंवा हलवतोय असं दिसलं, तर कोर्ट तारण मागतं, नाहीतर जप्ती करतं. पण नुसतं "माझे पैसे अडकलेत" म्हणून भागत नाही. हा अधिकार जालीम आहे, जपून वापरा, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये बजावलं. बरोबरच आहे. उद्या तुमच्यावर खोटा दावा झाला आणि खातं गोठलं तर?

इंग्लंडमध्ये हे कुलूप १९७५ मध्ये 'मरेवा' जहाजाच्या खटल्याने रूढ झालं. गंमत म्हणजे गोठवलेला पैसा भारत सरकारने भरलेल्या भाड्याचा होता! जहाज भाड्याने घेणाऱ्याने मालकाचा हप्ता थकवला, आणि हे भाडं त्याच्या लंडनच्या बँकेत पडून होतं.

पण हजारो ठेवीदारांनी वेगवेगळे दावे कुठे लावायचे? म्हणून महाराष्ट्राने १९९९ मध्ये एमपीआयडी आणला. यात जप्तीचा आदेश सरकार काढतं, सक्षम प्राधिकारी विशेष कोर्टात जातो, हरकती ऐकल्या जातात. मगच विक्री आणि वाटप, तेही हाती येईल त्या प्रमाणात. २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. पुढे सुप्रीम कोर्टाने तो वैध मानला. २०२२ मध्ये एनएसईएल घोटाळ्याच्या प्रकरणात यातली जप्तीही कायम केली.

म्हणून मंडळी, कुलूप लागलं की घरी बसू नका. मूळ पावत्या जपा, आपला दावा नोंदवा, तारखेला कोणीतरी हजर राहा. आणि हप्ता थकल्याचा पहिला वास आला की लगेच तक्रार करा. तिजोरी रिकामी झाल्यावर कुलूप लावून काय उपयोग?