लॅव्हनमचे विणकर

इंग्लंडमधल्या सफक परगण्यातलं लॅव्हनम पाहायला लोक येतात ते तिथल्या कललेल्या लाकडी घरांसाठी. बाजारचौकातला १५३०च्या सुमाराचा गिल्डहॉल, चर्चचा १४१ फुटी मनोरा, सगळ्यांचे फोटो निघतात. मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढले. मला तिथं आधी विणकर दिसतात. हे वैभव त्यांच्या हातांनी उभं केलं.

आठवडी बाजाराची सनद १२५७ची, पण खरा पैसा आला तो पंधराव्या शतकात, निळ्या लोकरी कापडामुळे. लोकर आधीच निळ्या रंगात बुडवायची, मग पिंजायची, कातायची आणि विणायची. माल व्यापाऱ्याचा, राबणूक घरोघरची. त्या व्यापाऱ्यांत सगळ्यांत बडा थॉमस स्प्रिंग. १५२३ साली तो वारला, तेव्हा मनोऱ्यासाठी त्याने २०० पौंड ठेवले होते.

दोनच वर्षांनी ठिणगी पडली. राजा आठव्या हेन्रीला फ्रान्सवर स्वारी करायची होती. त्याचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने पार्लमेंटला न विचारता कर बसवला. व्यापाऱ्यांनी हात वर केले: कर भरायचा तर काम देणं परवडत नाही. मागावरची माणसं एका दिवसात रिकामी झाली. १५२५च्या मे महिन्यात लॅव्हनममध्ये आजूबाजूच्या गावांतून हजारो लोक जमले. चर्चच्या घंटा वाजल्या की उठाव, असा बेत होता. पण एका व्यापाऱ्याने घंटांचे लोलकच काढून ठेवले, असं म्हणतात. सैन्य घेऊन आलेल्या नॉरफकच्या ड्यूकने विचारलं, तुमचा म्होरक्या कोण? इतिहासकार एडवर्ड हॉल सांगतो, जॉन ग्रीन नावाच्या पन्नाशीच्या माणसाने उत्तर दिलं: आमची म्होरकी गरिबी, तिनेच आम्हाला इथं आणलं.

राजाने कर मागे घेतला, पुढाऱ्यांना माफी मिळाली. त्या मनोऱ्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. हातावर पोट असलेल्या माणसांनी आठव्या हेन्रीला माघार घ्यायला लावली!

कापडाचा धंदा मात्र टिकला नाही. नेदरलँड्समधून परागंदा होऊन आलेले विणकर जवळच्याच कोल्चेस्टरात हलकं, स्वस्त कापड विणू लागले आणि लॅव्हनमच्या जाड निळ्या कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही. नवी घरं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनी तशीच राहिली. गिल्डहॉलचा पुढे तुरुंग झाला आणि १७८७ पासून अनाथ-निराधारांचं वर्कहाऊस: श्रीमंत व्यापाऱ्यांनी बांधलेल्या त्या इमारतीत आता गावची गरिबी राहायला आली.