अजबखान्यातली बिननावाची माणसं

राणीच्या बागेत आपण सगळेच गेलोय. वस्तीतली पोरं रांगेनं निघायची, हत्ती बघायची, माकडांना हसायची आणि घरी यायची. बागेच्या दाराशीच जुनी देखणी इमारत आहे, तिच्यात मात्र कुणी शिरत नसे. म्हातारी माणसं तिला अजबखाना म्हणत. आई म्हणायची, "तिथं आपलं काय काम?"

आपलं काय काम, हे बघायलाच मागं एकदा मुद्दाम गेलो. सोबत वस्तीतली दोन कॉलेजातली पोरं आणि शेजारचे आबा. आबांनी 1982 च्या संपापर्यंत गिरणीत काम केलं. त्यांच्या आधी त्यांचे वडील गिरणीतच होते. मुंबईचा इतिहास बघायचा तर मुंबई अंगावर झेललेला माणूस सोबत पाहिजे, एवढाच हिशेब.

आधी इमारतीची कुळकथा. ही इमारत 1872 साली लोकांसाठी उघडली. नाव ठेवलं राणीचं आणि राणीच्या नवऱ्याचं, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. आत आल्बर्टसाहेबाचा संगमरवरी पुतळा आजही उभा आहे. पैसा उभा करायला नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी बडी माणसं झटली. त्यांची नावं इतिहासात आली. दगड फोडणारे, चुना कालवणारे, टोपल्या वाहणारे कोण होते? त्यांची वर्गणी घामाची होती, आणि घामाची पावती कुणी फाडत नाही.

1975 साली राणीचं नाव गेलं आणि भाऊ दाजींचं आलं. भाऊ दाजी डॉक्टर होते, जुने शिलालेख वाचणारे विद्वान होते. नाव द्यायलाच पाहिजे होतं. पण पोरांनो, एक ध्यानात घ्या. इंग्लंडच्या राणीचं नाव पुसलं तेव्हा कुणाचं घर जळालं नाही. तीनच वर्षांनी, 27 जुलै 1978 ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. सोळा वर्षं लढून 14 जानेवारी 1994 ला मिळाला तो नामविस्तार. जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. तेव्हा नाव म्हणजे नुसती पाटी, असं म्हणणाऱ्याला आपण विचारलं पाहिजे, मग एका पाटीसाठी आमचीच घरं का जळाली?

आता आत चला. सोनेरी मुलाम्याची नक्षी, उंच खांब, काचेची कपाटं. आणि कपाटांत मातीची माणसं. इंग्रज अमदानीत ही घडवून घेतली. कुठल्या जातीचा माणूस पागोटं कसं बांधतो, कुठला कारागीर काम करायला कसा बसतो, हे सगळं बोटभर मातीत. घडवणाऱ्याचे हात फार चांगले, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्या मातीच्या माणसांना जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे, नाव मात्र नाही. गावाच्या वेशीवर आपल्याला नेमकं हेच विचारत होते. कोण रे तू? म्हणजे नाव नव्हे, जात सांग. साहेबानं तोच प्रश्न काचेत मांडून ठेवला.

सोबतचं पोरगं म्हणालं, "आबा, यात आपण कुठं?"

आबा बराच वेळ काचेसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "आपण हितं नाही बाबा. आपण रिंगखात्यात."

पोरांना कळेना. मग आबांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. गिरणीत विणकाम खात्याला पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यातली कांडी बदलली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या रिंगखात्यात. यंत्र विलायतेचं, वाफ कोळशाची, मालक बहुतेक पारशी नाहीतर भाटिया, आणि विटाळ मात्र आपल्या गावचा! तो गाडीत बसून मुंबईला आला, तिकीटसुद्धा न काढता.

1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला. विणकाम खातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती घेतली, पण खळखळ करून. वर्गाची लढाई लढणाऱ्यांना तोंडातला धोटा दिसत नव्हता. मला विचाराल तर मुंबईचा सगळा इतिहास त्या एका धोट्यात आहे. तो काचेच्या कपाटात ठेवा, खाली हे सगळं लिहा आणि मग शाळेची पोरं आणा.

बाहेर पडलो. अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं. 1864 साली तो विलायतेला न्यायला निघाले, तर उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढं ते तुकडे जोडून त्याला उभं केलं. काळ्या घोड्यावरचा राजा एडवर्डही 1965 पासून याच बागेत आहे. फुटलेला हत्ती सांधला जातो, हटवलेल्या राजाला जागा मिळते. आणि आपलं?

परळ तिथून लांब नाही. पोयबावडीला 1920 साली 'मूकनायक'ची कचेरी होती. दामोदर हॉलमध्ये 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू झालं. बी. आय. टी. चाळीतल्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. प्लेगानंतर, 1898 साली नेमलेल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टनं गोरगरिबांसाठी बांधलेल्या चाळी या. आपला अजबखाना असा रस्त्यावर पसरलाय. त्याला दरवाजा नाही, राखणदार नाही.

राखणदार नसला की काय होतं तेही पाहिलंय. दादरच्या आंबेडकर भवनात बुद्धभूषण छापखाना होता. 'जनता', 'प्रबुद्ध भारत' छापणारा हा छापखाना. 25 जून 2016 च्या पहाटे ती इमारत पाडली गेली. हजारो माणसं रस्त्यावर आली, पण भिंत पडल्यावर.

म्हणून मित्रांनो, सरकार कधी आपलं कपाट उघडेल याची वाट बघू नका. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली केलं. त्यांच्यामागं कुठलं म्युझियम नव्हतं. बायांच्या आठवणी होत्या आणि विचारायची हिंमत होती.

तुम्ही एवढंच करा. घरातला जुना फोटो उलटा करा आणि मागं नावं लिहा, साल लिहा, गाव लिहा. गिरणीचा पास, युनियनची पावती, जलशाच्या गाण्यांची वही, सभेचं हँडबिल रद्दीत घालू नका. म्हातारीजवळ बसा. ती "माझं काय सांगायचं" म्हणेल. तरी बसा.

परतताना पोरानं आबांना विचारलं, "तुमच्या वडलांचं नाव काय होतं?" आबांनी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. पोरानं तिथंच, बसस्टॉपवर, तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.

आपल्या संग्रहालयातली ती पहिली नोंद.

जय भीम.