दात आंबतात तेव्हा आत काय होतं?

कैरी खाल्ली की दात आंबतात, गार पाण्यानं सणक जाते. एनॅमलखालच्या डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात, हे लेवेनहूकनं १६७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण डेंटिनच्या बाहेरच्या भागात मज्जातंतू नाहीत, मग कळ येते कुठून? झुरिकच्या गिसीनं १९०० मध्ये सुचवलं, की नळ्यांतला द्रव हलत असणार. ते सिद्ध व्हायला, बघा, साठेक वर्षं गेली. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉमनं प्रयोग करून दाखवले. उपाय तिथूनच कळतो: नळ्यांची तोंडं बुजवायची, नाहीतर पोटॅशियमनं मज्जातंतू शांत करायचे. म्हणून ती पेस्ट काही आठवडे नेमानं लावावी लागते. मात्र एकच दात ठणकत राहिला, तर पेस्टवर भागवू नका. आत कीड असू शकते.