मोतिया पांढऱ्याची कुळकथा

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आमचे धाकटे चिरंजीव पुण्याहून गुंजीला आले ते नवी मोटार घेऊनच. मी कौतुकाने म्हणालो, "पांढरा रंग छान घेतलास." त्यावर लगेच दुरुस्ती झाली, "नुसता पांढरा नाही बाबा, पर्ल व्हाइट!" तीस वर्षे मुलांच्या वह्यांत दुरुस्त्या करणाऱ्याला ही दुरुस्ती जरा लागली. पण सकाळी उन्हे आली तेव्हा मुलाचे म्हणणे पटले. शेजारच्या घराची चुन्याची भिंत पांढरी होती. गाडी मात्र मोत्यासारखी आतून उजळत होती.

खानापूर तालुक्यातील आमच्या मातीची ओळख वाचकांना करून द्यायला नको. पावसाळा सरला की रस्त्याकडेची तांबडी धूळ उठते आणि गोव्याकडे जाणारी प्रत्येक गाडी गेरूने सारवल्यासारखी दिसते. पूजेआधी गाडी पुसावी म्हणून मी जुने धोतर घेतले आणि कोरडेच बॉनेटवर फिरवू लागलो. तेवढ्यात वाटेने जाणारे आमचे जुने पेंटर मेस्त्री ओरडले, "साकु सर, साकु! काय करूलाय हो हे?" मेस्त्री मराठीच, पण धोक्याची सूचना देताना त्यांच्या तोंडी कानडी येते. आपल्याकडे कुणाला त्यात नवल वाटत नाही.

मेस्त्रींनी मोबाइलची बॅटरी तिरकी धरून दाखवली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा बॉनेटभर उमटल्या होत्या. गंमत अशी की जांभ्याच्या मातीला तांबडेपणा देणारे लोखंडाचे ऑक्साइड शुद्ध आणि अतिबारीक करून सराफ दागिन्यांना झिलई देतात. म्हणजे आमची धूळ ही अर्धी पॉलिशच. उरलेल्या अर्ध्यात वाळूचे कण असतात आणि ते कुठल्याही रंगापेक्षा कठीण. म्हणून आधी भरपूर पाणी ओतून धूळ सुटू द्यायची, मग साबणाच्या पाण्यात मऊ फडके बुडवून वरून खाली धुवायचे. फडके पिळायला दुसरी, स्वच्छ पाण्याची बादली वेगळी. हे ज्ञान मला पन्नाशीनंतर झाले.

ते झाले आणि इतिहासाच्या मास्तराला खाज सुटली. या रंगाचे कूळ कोणते?

घोडागाडीच्या काळात आणि पहिल्या मोटारींच्या काळातही रंग म्हणजे तेल आणि व्हार्निश. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, प्यूमिस दगडाने घासायचा, पुन्हा दुसरा हात. एक गाडी रंगवायला काही आठवडे जात. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीजवळ नायट्रोसेल्यूलोज हे द्रव्य मुबलक होते. तोफांच्या दारूचा तो मुख्य घटक. त्यातूनच १९२३ च्या सुमारास 'ड्यूको' हा झटपट वाळणारा रंग निघाला आणि ओकलंड नावाच्या मोटारीवर तो निळ्या रंगात झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले. बेळगावच्या गॅरेजमध्ये आणि फर्निचरच्या दुकानांत 'ड्यूको मारला' असे आपण आजही म्हणतो, ते याच कंपनीचे नाव.

अशा रंगाला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात. हा शब्द आपल्या 'लाखे'पासून निघून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेलेला आहे. सावंतवाडीचे चितारी आणि चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर हे त्या अर्थाने मोटारीच्या रंगाऱ्यांचे थोरले चुलते. चन्नपट्टणात कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि मग केवड्याच्या पात्याने दाबून तिला चमक आणतात. लाख काय आणि तोफेच्या दारूचा भाऊबंद काय, दोन्ही पेट घेण्यात पटाईत. लाक्षागृहाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना गॅरेजमध्ये विडी ओढू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

ड्यूकोची खरी गोम म्हणजे तो वाळल्यावर मंद दिसे; चमक घासून आणावी लागे. माझ्या मामांकडे फियाट होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. ती रंगवायला हेच मेस्त्री आले होते. तेव्हा ते पंचविशीत असतील. पुट्टी भरणे, वॉटर पेपरने पाणी मारत घासणे, फवारा, पुन्हा घासणे आणि शेवटी रबिंग कंपाउंड घेऊन हातानेच रबिंग. ते फडके हिरवे होत गेलेले मला आठवते, कारण गाडी हिरवी होती. फडक्याला रंग किती लागतो यावर ते हात हलका करायचा की थांबायचे ते ठरवीत. गाडीत स्वतःचा चेहरा, मिशीसकट, दिसला की रबिंग पुरे, असा त्यांचा हिशेब. कुर्ल्याची ही गाडी निघणे २००० च्या आसपास बंद झाले आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

आता मोत्याकडे वळू. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा करणाऱ्या जाकॅं नावाच्या कारागिराने नदीतील लहान माशांचे खवले पाण्यात धुतले, तेव्हा पाणी मोत्यासारखे चमकले, अशी हकीकत सांगतात. ते चमकदार द्रव्य काचेच्या पोकळ मण्यांना आतून फासून त्याने नकली मोती बनवले. खवल्यातील ते स्फटिक ग्वानीनचे. आपल्या आनुवंशिकतेची जी चार अक्षरे शाळेत शिकवतात त्यांपैकी एक हेच ग्वानीन. पण एवढे मासे कुठून आणायचे? १९६० नंतरच्या दशकात त्यावर तोड निघाली. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे ४० ते ६० नॅनोमीटर जाडीचा थर चढवायचा, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. प्रकाश या थरांवरून परततो तो मोत्याची झाक घेऊनच. थर जाड केला तर तोच पापुद्रा सोनेरी, तांबूस, निळा दिसतो. त्यात रंगद्रव्य काहीच नसते. १९८० नंतर हा मोती मोटारींवर आला.

या चमकेची दुसरी बाजू मुख्याध्यापक म्हणून मला लिहिलीच पाहिजे. आपल्या देशात अभ्रक येतो तो मुख्यतः झारखंडातील कोडर्मा-गिरिडीहच्या पट्ट्यातून. तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुले अभ्रक वेचतात, ढिगारे कोसळून दगावतातही, हे २०१६ साली वृत्तसंस्थांनी उजेडात आणले. त्यानंतर २०१७ मध्ये अभ्रक वापरणाऱ्या कंपन्यांनी मिळून जबाबदार अभ्रकासाठी एक संस्था काढली. आमच्या अंगणातल्या गाडीतला अभ्रक कुणी वेचला ते मला कळणार नाही. पण पटावर नाव असून वर्गात न येणारी मुले मी आयुष्यभर घरोघर जाऊन शोधली आहेत. त्यामुळे त्या गाडीकडे निव्वळ कौतुकाने पाहणे मला तेव्हापासून जमलेले नाही.

रंगाची रचना अशी: तळाशी प्रायमर, त्यावर साधा पांढरा, त्यावर मोत्याचा अर्धपारदर्शक हात आणि सर्वांत वर पारदर्शक कवच. हे कवच ४०-५० मायक्रॉनचे, वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. मी पाडलेल्या रेघा याच कवचात होत्या. त्या काढायला चिरंजीवांनी गाडी शहरातील एका गॅरेजात दिली. तिथे यंत्राची चकती फिरली. मेस्त्रींचे म्हणणे, खोटी गोष्ट इथेच होते. "जुन्या गाडीत फडकं बोलायचं, सर. ह्यात फडकं पांढरंच राहतंय. कवच संपलं तरी बोलत नाही." बॉनेटच्या कडेला रंग नेहमीच पातळ बसतो, तिथे चकती जरा जास्त रेंगाळली. कवच गेले, खालचा मोतीही गेला. बोटभर लांबीचा एक पट्टा उरला, नुसता पांढरा, शेजारच्या चुन्याच्या भिंतीसारखा.

तेवढाच पट्टा रंगवून भागत नाही. मोत्याचे किती हात दिले यावर छटा बदलते. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यांवर एक, दोन, तीन हात देऊन नमुने करायचे, उन्हात गाडीशेजारी धरून पाहायचे आणि नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरत न्यायचा. चिरंजीव मला एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणेच जास्त टोचले.

यंदा खंडेनवमीला गाडी पुन्हा आली, त्या पट्ट्यासकट. मेस्त्रींना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी दोन बादल्या मांडल्या, गाडी धुतली, आणि कार्नौबाचे मेण, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचे, हातानेच पातळ फासले. पट्ट्याशी आल्यावर ते थांबले. चिरंजीव म्हणाले, "काका, तेवढा रंगवून द्याल का?" मेस्त्रींनी खिशातून पत्र्याचे तीन तुकडे काढले, ते घरूनच रंगवून आणले होते. तिघेही उन्हात वाकून कोणता जुळतो ते बघत राहिलो. मला दुसरा वाटला, चिरंजीवांना तिसरा. मेस्त्री म्हणाले, "आज पूजा करा. ऊन उतरल्यावर परत बघू." मग गाडीला झेंडूचा हार घातला, तो थोडा बाजूला सरकवून, पट्टा झाकेल असा.