कवच कोणाचे, भय कोणाचे?

अभेद्य संरक्षणाची कथा तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपणा खानदेशवासीयांना नवी नाही. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सातपुड्यात असीरगड उभा आहे. फारुकी सुलतानांची सारी भिस्त या गडावर होती. इ. स. १६०० मध्ये अकबराने गडाला वेढा घातला, परंतु कित्येक महिने गड दाद देईना. तेव्हा आपल्या छावणीत असलेल्या फादर जेरोम झेवियर यांना बादशहाने गोव्याच्या पोर्तुगीजांकडून तोफा मिळवून देण्यास सांगितले आणि फादरांनी ते नाकारले, असे तत्कालीन येशूसंघीय वृत्तांत सांगतो. अखेर जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. याचे कारण विश्वासघात व लाच, असे तो वृत्तांत म्हणतो. दरबारी इतिहासकार गडावरील रोगराईला महत्त्व देतात. हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र एवढे खरे की, केवळ तटाच्या भरवशावर फारुकींचे राज्य तगले नाही.

आज दगडी तटाची जागा आकाशातील कवचाने घेतली आहे. शत्रूचे क्षेपणास्त्र रडारने टिपावयाचे, त्याचा मार्ग क्षणार्धात गणिताने काढावयाचा आणि आपले क्षेपणास्त्र सोडून ते वाटेतच नष्ट करावयाचे, अशी ही योजना. स्वसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभेनेही राष्ट्रांना कधी नाकारलेला नाही. मग ढालीविषयी वाद कशाला, असा प्रश्न सूज्ञ वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

१८ सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे एक भाषण केले. सोव्हिएत हल्ल्यापासून असे कवच देशाला वाचवू शकणार नाही, उलट त्यामुळे शस्त्रस्पर्धा वाढेल, हे त्यांनी विस्ताराने पटवून दिले. आणि त्याच भाषणाच्या शेवटी चीनच्या संभाव्य हल्ल्याविरुद्ध मर्यादित कवच उभारण्याची घोषणा केली! १९६८ ची निवडणूक तोंडावर होती. देश उघडा ठेवल्याचा आरोप विरोधक करणार हे अध्यक्ष जॉन्सन जाणून होते; सेनाधिकाऱ्यांचाही आग्रह होता. चीनचे नाव घेणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपविण्यासारखे होते.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. ज्यांच्या रक्षणासाठी हे सारे चालले होते, त्या बोस्टन, शिकागो आदी शहरांच्या परिसरातील नागरिकांनीच त्याला विरोध केला. कारण ही संरक्षक क्षेपणास्त्रे स्वतःच अण्वस्त्रधारी होती आणि ती आपल्या अंगणात कोणालाच नको होती. तेव्हा १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी योजनेचे नाव बदलले आणि हेतूही बदलला. शहरांऐवजी आता क्षेपणास्त्रांच्या भूमिगत तळांचे रक्षण होणार होते. यंत्रणा मात्र बहुतांशी तीच राहिली. सुमारे सहा अब्ज डॉलर खर्चून नॉर्थ डकोटा राज्यातील केंद्र १ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्ण क्षमतेने सज्ज झाले आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मतदान केले.

तरीही कवचाचे आकर्षण सरले नाही. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी अण्वस्त्रे निरुपयोगी ठरविणाऱ्या संरक्षणाचे स्वप्न जगापुढे मांडले. त्यांच्या मनात कळकळ नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याच्या एका हातात तलवार आहे, त्याने दुसऱ्या हातात ढाल घेतली की समोरच्याला ती वार करण्याची तयारीच वाटते. सोव्हिएत संघाला तसेच वाटले. याच कारणास्तव १९७२ च्या तहाने दोन्ही महासत्तांच्या ढालींवर मर्यादा घातली होती. अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांनी १९८३ मध्ये शांततेविषयी विस्तृत पत्र प्रसिद्ध केले आणि १९८८ च्या अहवालात या नव्या योजनेचीही नैतिक चिकित्सा केली. हेतू चांगला असणे पुरेसे नाही, परिणामही तपासले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. कवच उभारण्याची घाई त्यांना नैतिक कसोटीस उतरणारी वाटली नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. जानेवारी १९८५ मध्ये राजीव गांधी यांच्यासह सहा राष्ट्रांच्या नेत्यांनी दिल्ली जाहीरनाम्याद्वारे अंतराळात शस्त्रस्पर्धा नको, असे बजावले होते. १ मे २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी १९७२ च्या तहापलीकडे जाऊन कवच उभारण्याचा मानस जाहीर केला, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने त्या विचारांचे स्वागत केले. सोळा वर्षांत एवढा पालट का झाला? १९९८ च्या अणुचाचण्यांनंतरचे निर्बंध अद्याप पूर्णपणे उठले नव्हते. अमेरिकेशी मैत्री हवी होती, तंत्रज्ञानही हवे होते. तेव्हा केवळ शत्रूच्या भयाने नव्हे, तर मित्राच्या ओढीनेही राष्ट्रे कवचाकडे वळतात.

भय खोटे होते असे मात्र नाही. ६ एप्रिल १९९८ रोजी पाकिस्तानने घौरी क्षेपणास्त्राची चाचणी घेतली होती. शिवाय, अण्वस्त्राचा पहिला वार आपण करणार नाही, असे भारताचे वचन आहे. जो पहिला वार करणार नाही, त्याला तो सोसून उभे राहावे लागते. म्हणून त्याला ढाल हवी, हा युक्तिवाद वजनदार आहे. २७ नोव्हेंबर २००६ रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे ५० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्र भेदून दाखविले. पुढे २०१२ मध्ये पहिल्या कवचासाठी दिल्ली व मुंबई यांची निवड झाल्याचे वृत्त आले. आपली कितीतरी मुले मुंबईत पोटापाण्यासाठी राहतात. त्यांच्या जिवाचे मोल आपण जाणतो. पण जामनेरच्या कापूस पिकविणाऱ्याच्या डोक्यावर ते छत्र नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मे २०२५ च्या संघर्षात आपल्या हवाई संरक्षणाने मोठी कामगिरी बजावली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला पंतप्रधान मोदी यांनी २०३५ पर्यंत पूर्ण करावयाच्या ‘सुदर्शन चक्र’ योजनेची घोषणा केली. येथे एक भेद विसरता कामा नये. साधे क्षेपणास्त्र निसटले तर एखादी इमारत कोसळते. अण्वस्त्र निसटले तर शहर जाते. शंभरांतील नव्व्याण्णव अडविणारी ढाल पहिल्या प्रसंगी वरदान आहे, दुसऱ्या प्रसंगी अपुरी. आणि प्रतिपक्षही स्वस्थ बसत नाही. २४ जानेवारी २०१७ रोजी पाकिस्तानने एकाच वेळी अनेक अण्वस्त्रे वाहून नेण्यासाठी ‘अबाबील’ क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, आणि या प्रदेशात वाढत असलेली क्षेपणास्त्रविरोधी कवचे हेच त्यामागील कारण सांगितले.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. भुसावळचा आयुधनिर्माण कारखाना १९४९ पासून, तर वरणगावचा १९६४ पासून उभा आहे. त्या कारखान्यांच्या पगारावर आपल्या परिसरातील अनेक घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. त्या श्रमांचा मान राखूनच म्हणावयाचे की, शस्त्र असो वा ढाल, ती कशासाठी, कोणासाठी आणि किती खर्चाने, हे संसदेत स्पष्टपणे विचारले गेले पाहिजे. असे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

आणखी एका ढालीची दखल घेणे अगत्याचे आहे. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत व पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होत आली आहे. क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार २००५ मध्ये झाला. या कागदांना ना रडार लागते, ना अब्जावधी रुपये. निवडणुकीत त्यांच्या नावाने कोणी मते मागत नाही. परंतु त्यांची सावली मुंबईवर, कराचीवर आणि आपल्या जामनेरवरही सारखीच पडते. आकाशातील कवचासाठी जेवढी तत्परता दाखविली जाते, तेवढीच असे करार जपण्यासाठी व वाढविण्यासाठी दाखवावी, अशी मागणी करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.