चाकांवरचा बैल : नागपूरच्या तान्हा पोळ्याचा इतिहास

तान्हा पोळा हा नागपूर आणि आसपासच्या विदर्भातला लहान मुलांचा पोळा. श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, शेतकऱ्यांचे खरे बैल सजूनधजून तोरणाखाली उभे राहतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, त्याच चौकात लाकडी बैल येतात. त्यांच्या पायांखाली चाकांची फळी असते, मानेला दोरी असते आणि दोरीचे दुसरे टोक पाच-सात वर्षांच्या मुलाच्या मुठीत असते. तान्हा म्हणजे अंगावर पिणारा, लहानगा. नावात लहान आहे तो बैल की मुलगा, याचा निवाडा कोणी केलेला नाही. दोन्ही अर्थ चालतात.

ज्या वाहनावर गावाचा संसार चालतो त्याची लहान प्रतिकृती घडवावी आणि तिचा बारीकसारीक साज हौसेने जमवावा, ही ओढ जगभर दिसते. युरोप-अमेरिकेत ती आगगाडी, जहाज आणि ट्रक यांच्याभोवती वाढली. तिथले छांदिष्ट मूळ वाहनाच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या भागाएवढा ट्रक जुळवतात आणि त्याच्या टायरांवर चिखलाचे डागसुद्धा रंगवतात. नागपूरच्या मुलखात ट्रकच्या आधी ओझे वाहत होता तो बैल. त्यामुळे इथे प्रतिकृती झाली ती बैलाची, आणि तिला छंदाऐवजी सणाचे रूप मिळाले.

सणाचा उगम भोसल्यांच्या दरबाराशी जोडला जातो. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले (कारकीर्द १७८८ ते १८१६) यांनी मुलांसाठी हा पोळा सुरू केला, अशी परंपरा आहे आणि तिच्यात १८०६ हे साल सांगितले जाते. थोरांच्या पोळ्यात खऱ्या बैलांच्या शिंगांजवळ लेकरांना जाऊ देता येत नाही. पण बैलाचा मान त्यांनाही कळला पाहिजे, म्हणून लाकडाचा बैल करवून त्यांच्या हाती दिला, असे कारण त्यामागे देतात. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यातून मोठा लाकडी बैल मिरवत नेण्याची प्रथा आजही आहे.

सांगितले जाणारे साल नागपूरकरांच्या भरभराटीचे नव्हते. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत भोसल्यांची फौज हरली आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. खजिना आटला. पैशाच्या बाबतीत हात आखडल्यामुळे याच रघुजींना 'बडा बनिया' असे टोपणनाव पडले होते. मुलांना खाऊ आणि पैसे वाटण्याचा सण अशा राजाच्या नावे लागावा, यात थोडी गंमत आहे. पण तिजोरीत भर नसते तेव्हा दरबाराला लोकांपुढे मिरवण्याची गरज अधिक असते, हेही तितकेच खरे.

चाकांवरचा बैल ही कल्पनाच मात्र दरबारात जन्मली, असे मानणे कठीण आहे. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकरांच्या राज्यात होते. तिथे पोळ्याला 'पोरा' म्हणतात आणि त्या दिवशी मुले मातीचा चाके लावलेला 'नांदिया बइला' ओढतात, तर मुली मातीच्या चुली-भांड्यांनी खेळतात. कुंभाराच्या चाकावरून उतरणारे हे खेळणे इतके साधे आणि स्वस्त आहे की त्याला राजाश्रयाची गरज लागली नसावी. खेळण्याची रीत गावात आधीपासून होती आणि भोसल्यांनी तिला लाकूड, मिरवणूक आणि स्वतंत्र दिवस दिला, असे धरले तर दोन्ही प्रांतांतले साम्य सहज उलगडते.

त्याहून मागे जायचे तर महाराष्ट्रातच चार हजार वर्षांच्या आसपासचा पुरावा हाताशी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यांतली एक दोन बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ आहे. बाकीच्या तीन हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. जनावर बैठकीवर उभे आणि बैठकीखाली चाके, अशी ही घडण आहे. ती पूजेसाठी होती की मिरवणुकीसाठी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नागपूरच्या मुलाने पाहिली तर तो ती क्षणात ओळखेल. संस्कृत नाटकात तर 'मृच्छकटिक' हे नावच मुलाच्या मातीच्या गाडीवरून आले. शेजारच्याची सोन्याची गाडी पाहून ती हवी म्हणून रडणारा त्यातला रोहसेन आणि दुसऱ्याचा बैल आपल्याहून मोठा म्हणून रुसणारे तान्हा पोळ्यातले पोर यांच्यात फार अंतर नाही.

लाकडी बैल ज्याची प्रतिकृती आहे तो बैल नागपूरच्या अर्थव्यवहारात काय होता, हे पाहिल्याशिवाय सणाचे वजन कळत नाही. आगगाडी येण्यापूर्वी या भागातला कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. ही वाट सुमारे आठशे किलोमीटरची, जंगल-घाटांची. पावसाने गाठले की मालाचा चिखल होई. गावात बंडी, माणसांसाठी हलकी दमणी, शेतात नांगर, विहिरीवर मोट : बैल नाही असे काम नव्हते. १८६७ मध्ये भुसावळकडून लोहमार्ग नागपूरला पोचला आणि १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. लांबची वाहतूक रूळांवर गेली, पण शेतापासून जिनिंगपर्यंत आणि स्टेशनापर्यंतचा कापूस पुढेही अनेक दशके बंडीतूनच आला.

वर्धा-नागपूर पट्ट्याची आपली जात म्हणजे गवळाऊ. रंगाने पांढरी, अंगाने सडपातळ, चालीने वेगवान. मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ मुलखातून झपाट्याने हलवता यावे म्हणून ही जात जोपासली गेली, असे पशुपालनाच्या ग्रंथांत नोंदवले आहे. लाकडी बैल बहुधा पांढराच रंगवतात, तो या गवळाऊला शोभणारा. शिंगांच्या बाबतीत मात्र सुतार निसर्गाचे ऐकत नाही. गवळाऊची शिंगे आखूड आणि बोथट असतात. लाकडी बैलाची लांब, वर झेपावणारी, टोकाशी आत वळलेली. वशिंडही खऱ्यापेक्षा उंच. ट्रकच्या प्रतिकृतीत एखादे चाक दोन मिलिमीटरने चुकले तर जाणकार नाक मुरडतो. इथे प्रमाणाचा हिशोब कोणी मागत नाही. बैल रुबाबदार दिसला पाहिजे, एवढीच अट.

घडवण्याचे काम सुतारांचे. पसंतीचे लाकूड साग. विदर्भात साग मुबलक. शिवाय तो कापायला मऊ, पावसाळी हवेत फारसा न फुगणारा आणि तेल असल्याने किडीला दाद न देणारा. लहान बैल एकाच ठोकळ्यातून निघतो. ठोकळ्यावर बाजूने आकार आखायचा, करवतीने कड काढायची, वाकसाने पाठ आणि पोट तासायचे आणि पटाशीने गळ्याची पोळी व तोंड उकलायचे. मोठ्या बैलाला ही रीत चालत नाही, कारण लाकडाचे रेषे एकाच दिशेने धावतात. धडासाठी ते आडवे लागतात. त्याच ठोकळ्यातून पाय कोरले तर पायातही रेषे आडवेच येतात आणि पहिल्याच धक्क्याला पाय मोडतो. म्हणून मोठ्या बैलाचे पाय उभ्या रेष्याच्या वेगळ्या तुकड्यांचे करतात आणि धडाला खाच पाडून बसवतात. शिंगे, कान आणि शेपटीही वेगळी घडवून भोकात ठोकतात. शिंग तुटले तर नवे बसवता यावे, हा त्यातला दुसरा फायदा. मुलांच्या हातात शिंगे तुटतातच.

जोडांच्या फटी लुकणाने भरायच्या, काचकागदाने घासायचे आणि मग तैलरंग. पांढरे अंग, काळे डोळे, काळे खूर, लाल किंवा सोनेरी शिंगे. शेवटी बैल फळीवर ठोकायचा आणि फळीखाली लोखंडी सळईचे दोन आस घालून चार चाके. बैलापेक्षा चाकेच आधी खराब होतात. डांबरी रस्ता, गतिरोधक आणि चार तासांची फेरी यांत लाकडी चाकाची कड झिजते आणि बैल एका बाजूला कलून लंगडू लागतो. अलीकडे रबरी किंवा प्लॅस्टिकची तयार चाके लावतात. त्यांचा आवाज होत नाही. जुन्या लाकडी चाकांच्या खडखडाटाने मात्र गल्लीत बैल शिरल्याची वर्दी आधीच मिळे.

खरी हौस रंगानंतर सुरू होते. पोळ्याच्या बैलाला जे जे घालतात ते ते या बैलाला त्याच्या मापाने हवे : पाठीवर झूल, कपाळावर मठाठी आणि बाशिंग, शिंगांना बेगड व गोंडे, टोकांना शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळ आणि कवड्यांची माळ, नाकात वेसण, तोंडाला म्होरकी, पायांत तोडे. झूल बहुधा घरातल्या जुन्या शालूच्या किंवा मखमलीच्या तुकड्याची. तिला आरसे आणि जर लावायचे काम आई, आजी, आत्या यांचे. सुतार बैल देतो, पण तो कोणाच्या घरचा हे झुलीवरून कळते. प्रतिकृतीचा छंद असलेल्या माणसाला बारकाव्यांचे जे वेड असते ते इथे एका माणसाकडे न राहता सगळ्या घरात वाटले जाते. काही ठिकाणी पाठीवर ओझे, मागे बंडी किंवा नांगरही जोडतात.

माती आणि लाकूड यांत सणाने वाटणी केली आहे. ज्या शहरी घरात जनावर नाही तिथे पोळ्याच्या दिवशी कुंभाराकडची मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडून पुजतात. लाकडी बैलाचे काम रस्त्यावरचे. माती एका वर्षाची असते. लाकडाचा बैल घरात राहतो, दरवर्षी रंगाचा नवा हात घेतो आणि आजोबांकडून नातवाकडे येतो. फार जुन्या बैलांवर रंगाचे थर इतके चढलेले असतात की पटाशीच्या मूळ खुणा बुजून तोंड गुळगुळीत, काहीसे सौम्य दिसू लागते.

प्रतिपदेच्या दुपारनंतर मुले धोतर-फेटा किंवा तत्सम वेष करून आपापले बैल मारुतीच्या देवळापुढे किंवा चौकात आणतात. आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. रांग लागते, पूजा-आरती होते आणि तोरण तुटले की 'पोळा फुटला'. मोठ्यांच्या पोळ्यात झडत्यांची, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकबद्ध ओळींची, जुगलबंदी रंगते. मुलांच्या पोळ्यात शिकवलेल्या एक-दोन झडत्या कोणीतरी अडखळत म्हणतो. मग घरोघरची फेरी. दारात आलेल्या बैलाला ओवाळून मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. शेतावर राबणाऱ्या गड्याला पोळ्याच्या दिवशी मिळणाऱ्या बक्षिशीचाही हाच शब्द. मुलगा त्या दिवसापुरता धन्याचा गडी होतो आणि गड्याची बक्षिशी मागतो, ही या खेळातली सर्वांत मार्मिक गोष्ट.

नागपुरात त्याच दिवशी दुसरा उत्सव असतो. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे अनिष्टाचे बाईच्या रूपातले पुतळे, आणि त्यांच्याबरोबरचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, यांची मिरवणूक सकाळपासून महाल-इतवारीतून निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे मानतात. काळ्या मारबतीचा संबंध लोक दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई हिच्याशी, तिने इंग्रजांशी जुळवून घेतल्याच्या रागाशी जोडतात. म्हणजे एकाच राजघराण्याच्या नावे एका दिवशी सकाळी शिव्या आणि संध्याकाळी खाऊ. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले आणि वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात विकले गेले. जिवंत बैल गेले. लाकडी बैलाचा सण दरबाराच्या हातून सुटून गल्लीचा झाला.

विसाव्या शतकात त्याला स्पर्धेचे वळण लागले. मंडळे आणि स्थानिक पुढारी उत्कृष्ट सजावट, उत्कृष्ट वेशभूषा अशी बक्षिसे ठेवू लागले आणि बैलांचा आकार वाढला. वर्धा जिल्ह्यातले सिंदी रेल्वे हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथले लाकडी नंदी मुलाने ओढण्याच्या पलीकडचे. माणसांच्या उंचीला भिडणारे, हलवायला अनेक हात लागणारे. तान्हा हा शब्द तिथे नावापुरता उरला आहे, पण सुतारकामाची परीक्षा पाहायची तर तिथेच.

आता नागपूरच्या परिसरात शेतीची पुष्कळ कामे ट्रॅक्टर करतो आणि कापूस छोट्या मालवाहू मोटारींतून बाजारात येतो. पोळ्याला तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या बैलजोड्या कमी होत चालल्या आहेत. बंडीच्या शर्यती, म्हणजे शंकरपट, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही वर्षे बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना पुन्हा वाट मोकळी केली. लाकडी बैलाला असे कोणतेही संकट आले नाही. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाजारात वीतभर बैलापासून दोन मुलांना पेलणार नाही अशा बैलापर्यंत सगळी मापे रस्त्याकडेला मांडलेली असतात. सागाच्या शेजारी हलक्या लाकडाचे आणि फायबरचेही असतात. जुना बैल घेऊन नवी चाके बसवायला आलेले लोक त्याच गर्दीत सुतारापुढे उभे असतात.